परत येणे बाकी

एकट्या राहणाऱ्या मुलीच्या वन-रूम-किचनमध्ये तीन गोष्टी हमखास सापडतात. मॅगीचं अर्धवट फोडलेलं पाकीट, जोडीदार हरवलेला एक मोजा आणि सोफ्यामागची रिकामी, पांढरीफटक भिंत. पहिल्या दोन गोष्टींवर माझ्याकडे इलाज नाही. भिंतीचं मात्र गेल्या वर्षी मनावर घेतलं. कारण व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे ती भिंत दिसायची आणि समोरून काळजीच्या सुरात प्रश्न यायचा, 'अगं, अ‍ॅडमिट आहेस का?'

मग काय! एका शुक्रवारी सकाळी मी चोर बाजारात हजर. मटन स्ट्रीटवर जुने ग्रामोफोन, पितळी दिवे, हिंदी सिनेमांची पोस्टर्स यांच्या गर्दीत एक फ्रेम दिसली. काळ्या-पांढऱ्या रेघांचं चित्र. मैदानात दोन हत्ती एकमेकांना भिडलेत आणि आजूबाजूला ही गर्दी! सॉलिड चित्र होतं. दुकानातले चाचा म्हणाले, 'मॅडम, हंड्रेड पर्सेंट फ्रेंच माल. डेढ सौ साल पुराना.' चार हजार सांगितले, अडीचला सौदा तुटला. घासाघीस करता आली म्हणून मी खूश आणि अडीच हजार मिळाले म्हणून चाचा माझ्यापेक्षा जास्त खूश. त्यांचा चेहरा बघून जे कळायला हवं होतं, ते मला बरंच नंतर कळलं.

घरी येऊन खिळा ठोकला, फ्रेम लावली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. वा! आणि तेवढ्यात खिळा, फ्रेम आणि थोडंसं प्लास्टर असं सगळं मिळून खाली आलं. काच वाचली, मागचा प्लायवूड सुटला. चित्राच्या पाठीवर बारीक अक्षरात दोन कॉलम छापलेले होते. फ्रेंच! म्हणजे हे भिंतीवर लावायला छापलेलं चित्र नव्हतंच. ते एका मासिकाचं पान होतं. एका कडेला शिलाईची भोकं अजून शाबूत होती.

माझी एक मैत्रीण ऑफिस सुटल्यावर फ्रेंचच्या क्लासला जाते. तिला फोटो पाठवला. पंधरा मिनिटांत तिचा फोन. 'बडोद्याबद्दल आहे काहीतरी. पण शेवटचं वाक्य अर्धंच आहे. शेवटचा शब्द आहे 'आणि'.'

'आणि काय?'

'आणि काय म्हणजे? पुढचं पान!'

बॉस, ते 'आणि' माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

डेडलाइन बाजूला ठेवून दोन रात्री नेटवर काढल्या. (डेडलाइनवाल्यांनी कृपया हे वाक्य वाचू नये.) तेव्हा उलगडा झाला. मासिकाचं नाव 'ल तूर द्यू मोंद', म्हणजे 'जगाची फेरी'. एदुआर शार्तों नावाच्या गृहस्थांनी १८६० साली पॅरिसमध्ये ते सुरू केलं. विषय एकच, प्रवास. लुई रुसले नावाचा एक तरुण फ्रेंच प्रवासी १८६०च्या दशकात हिंदुस्थानात आला, इथली संस्थानं हिंडला. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या दरबारात राहिला. तिथल्या हत्तींच्या झुंजी त्याने पाहिल्या, लिहून काढल्या. ते सगळं आधी या मासिकातून आलं आणि १८७५ साली त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. माझे हत्ती म्हणजे मराठी सरदाराच्या दरबारातले हत्ती होते, पॅरिसला जाऊन आलेले!

त्यात आणखी एक भन्नाट गोष्ट कळली. रुसलेने कॅमेराही वापरला होता, पण त्या काळी अक्षरांच्या खिळ्यांबरोबर फोटो छापण्याची सोय नव्हती. म्हणून चित्रकार फोटोवरून चित्र काढायचा आणि मग कोरीव काम करणारा कारागीर ते लाकडाच्या ठोकळ्यावर उलटं कोरायचा. बॉक्सवूड नावाचं कडक लाकूड वापरत, पण त्याचे ठोकळे लहान. मोठं चित्र असलं की अनेक ठोकळे बोल्टने जोडत. जुन्या चित्रांत कधीकधी या जोडाची केसाएवढी पांढरी रेघ दिसते. मी भिंग घेऊन बघितलं. माझ्या डावीकडच्या हत्तीच्या पाठीवरून अशी एक रेघ गेलीय. आता त्या भांडणापेक्षा मला ती रेघच जास्त आवडते.

अशी सचित्र नियतकालिकं ही त्या काळची मोठी क्रेझ होती. लंडनला १८४२ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' निघालं आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला 'लिल्युस्त्रासियों'. लोक अंक जपायचे, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकत्र बांधून घ्यायचे. अशा बांधीव खंडांचे संग्राहक आज जगभर आहेत. आणि जगभर त्यांचा एकच शत्रू आहे. वाळवी नव्हे, ब्लेड! गणित सरळ आहे. अख्ख्या खंडाला गिऱ्हाईक एखादंच असतं. त्यातली चित्रं सुटी करून फ्रेम केली की गिऱ्हाईकं शंभर. माझ्यासारखी. पांढऱ्या भिंतीवाली.

म्हणजे कुठल्या तरी धडधाकट खंडाचे तुकडे झाले आणि त्यातला एक माझ्या सोफ्यामागे आला होता. चाचांचा चेहरा तेव्हा आठवला.

मी चिडले. अगदी तावातावाने मैत्रिणीला म्हटलं, 'कसली माणसं असतात यार! पुस्तकातलं पान कापायला हात तरी कसा धजावतो?'

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आठच दिवसांनी मामाचा फोन आला. मोताळ्याहून. मोताळा माझं आजोळ. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालात की लागणारं तालुक्याचं गाव. कपाशीची शेतं, एसटी स्टँड, आणि गावाचा विषय निघाला की मामा सगळ्यांना आवर्जून सांगतो ते नळगंगेचं धरण. आबा, म्हणजे माझे आजोबा, तिथे शाळामास्तर होते. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. आता मामा घराची मागची खोली पाडून स्लॅब टाकणार होता.

'आबाची पेटी हाये तुही मामी म्हणते ते. कागदंच कागदं. रद्दीवाला दारात उभा हाये. तू येतं का, का देऊन टाकू?'

'हात लावू नको मामा! मी येते.'

'कायले एवढी धडपड करतं बाई? कागदंच तं आहेत!'

विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. रात्री भुसावळ येईपर्यंत झोप लागली नाही. ज्यूल व्हर्नची १८७२ची 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' आठवते? त्यातला फॉगही मुंबईहून याच रेल्वेने बुऱ्हाणपूरकडे गेला होता. त्याची गाडी भुसावळला डावीकडे वळली, माझी सरळ गेली. भलत्याच वेळी मलकापूर आलं. स्टेशनबाहेर मामा मोटरसायकल घेऊन उभा. कानटोपी घालून, हातात टॉर्च.

सकाळी पेटी उघडली. कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा, वेखंडाचे तुकडे आणि खाली एकावर एक रचलेले बांधीव खंड. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, पाठीवर आबांच्या वळणदार अक्षरात नाव आणि साल. बहुतेक सगळे 'किर्लोस्कर'चे. हे मासिक १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून सुरू झालं, तेव्हा ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं माहितीपत्रक होतं. नांगर आणि पंप विकता विकता त्याने मराठी घराघरात आधुनिक विचार नेला. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार, त्यामुळे अंक देखणा असायचा. पुढे त्याच घरातून १९३०ला 'स्त्री' आणि १९३४ला 'मनोहर' निघालं. आबांच्या पेटीत थोडे 'स्त्री'चे अंकही होते. ते आजीचे. बांधलेले नव्हते, कारण ते कायम वाचनात असत, असं मामी म्हणाली.

आणि सगळ्यात खाली होता तो. आकाराने इतरांपेक्षा मोठा, वजनाला चांगलाच. 'चित्रमयजगत्', १९१५. तो आबांच्याही वडिलांचा.

तुमच्यातल्या फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल. मीही मास कॉमच्या परीक्षेपुरतंच पाठ केलं होतं. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांपैकी एक. देवादिकांची आणि पेशव्यांची रंगीत चित्रं छापून ती या छापखान्याने घरोघरी पोचवली. याच चित्रशाळेने १९१० साली हे सचित्र मासिक काढलं. आपलं मराठी 'लिल्युस्त्रासियों'च म्हणा ना! त्याआधी का. र. मित्रांचं 'मनोरंजन' १८९५ पासून होतंच. आपण ज्याच्या जाहिराती दसऱ्यापासून बघतो, तो दिवाळी अंक नावाचा प्रकार मराठीत याच 'मनोरंजन'ने १९०९ साली आणला. पण 'चित्रमयजगत्'मध्ये नावाप्रमाणे चित्र हाच हिरो. तोवर लाकडी ठोकळे मागे पडून हाफटोन ब्लॉक आले होते. म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापायचा. त्यासाठी गुळगुळीत आर्ट पेपर. पहिलं महायुद्ध चालू, रेडिओ अजून आलेला नाही, वर्तमानपत्रात फोटो क्वचित. अशा वेळी मोताळ्यातल्या ओसरीवर बसून लोक युद्धातल्या तोफा बघत होते! मला तर इमॅजिन करूनच अंगावर काटा आला.

पानं उलटत गेले. कागद पिवळा, कडा ठिसूळ, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. मुंबईच्या हवेत या आर्ट पेपरचं काय होतं ठाऊक आहे? या कागदावर चिनी मातीचा थर असतो. दमट झाला की पानं एकमेकांना चिकटतात, नंतर सोडवायला गेलं की चित्रासकट निघतात. अख्ख्या खंडाची वीट होते वीट! मोताळ्याच्या कोरड्या हवेने तो वाचवला होता. विदर्भातल्या उन्हाला आपण नावं ठेवतो, पण कागदाची ओल त्यानेच दूर ठेवली.

आणि मग ते पान आलं.

म्हणजे, आलंच नाही. मधोमध एक चौकोनी खिडकी होती. वेड्यावाकड्या, बोथट कात्रीने कापलेली. खिडकीतून पुढच्या पानावरचा मजकूर दिसत होता.

मी ती कात्री ओळखली.

दिवाळीची सुट्टी. साल २००६. मी चौथीत. सुट्टीचा प्रकल्प, 'दळणवळणाची साधने'. बैलगाडी, सायकल, एसटी, विमान यांची चित्रं मिळाली होती. आगबोट काही मिळेना. मोताळ्यात आगबोट कुठून आणायची? दुपारी सगळे झोपले होते. आबांची पेटी उघडी होती. आणि त्या जाड पुस्तकात ही मोठ्ठी, धूर सोडणारी आगबोट होती. मी कापली, फेव्हिकॉलने चिकटवली, खाली स्केचपेनने लिहिलं, 'आगबोट'. प्रकल्पाला 'उत्तम' शेरा मिळाला. वही पुढे कुठे गेली, देव जाणे. आबा त्यावर कधी काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांना कळलंच नसेल, असं मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. खरं सांगायचं तर विसरूनच गेले होते.

पुस्तकातलं पान कापायला हात कसा धजावतो? असा!

आता जरा पैशाचं बोलू. फ्रीलान्सर असणं म्हणजे काय, हे तुमच्यातले पगारदार नाही समजू शकणार. 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' या एका वाक्यावर आम्ही महिनेच्या महिने काढतो. त्या महिन्यात माझं घरभाडं थकलं होतं. म्हणून जुन्या छापील चित्रांचा व्यवहार करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मी फोटो पाठवले. सहज म्हणून. (सहज वगैरे काही नसतं. भाडं थकलं होतं.) उत्तर लगेच आलं. मधलं एक पान गेलंय, त्यामुळे खंड म्हणून याला किंमत नाही. पण चित्रांची पानं सुटी करून दिलीत तर पानामागे पैसे देतो. त्याने सांगितलेल्या आकड्याला पानांच्या संख्येने गुणलं. दोन महिन्यांचं भाडं निघत होतं, वर मामाच्या स्लॅबला सिमेंटही.

आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. खंड तसाही खंडितच. एक पान आधीच गेलेलं. मग बाकीच्यांचं एवढं काय कौतुक? फक्त ते एक पान मी घालवलं होतं, हा भाग मी त्याला सांगितला नाही.

मामाला विचारलं. तो म्हणाला, 'तूच सांग बाई. तुले समजते त्यातलं. मले फक्त सोमवारपर्यंत खोली खाली पायजे.'

त्या रात्री मागच्या खोलीत बसून मी चित्रं मोजायला घेतली. किती पानं सुटी होतील, हिशोब करायला. खोटं कशाला बोलू? मोजत मोजत शेवटच्या पुठ्ठ्यापाशी आले. तिथे आतल्या बाजूला शाळेच्या वहीचा एक कागद चिकटवला होता. आबांनी आखलेले कॉलम. 'तारीख. कोणास दिले. परत.' आबा ही पुस्तकं गावात वाचायला देत होते! पोस्टमास्तर, दवाखान्यातले कंपाउंडर, किराणा दुकानवाले शेठजी, शाळेतल्या बाई. प्रत्येकापुढे परत आल्याची तारीख आणि बरोबरची खूण. एकाही माणसाने बुडवलं नव्हतं. आणि अगदी खालची नोंद, थरथरत्या अक्षरात:

'ऑक्टोबर २००६. आगबोट, १ पान. नातीस, शाळेच्या कामाकरिता. परत येणे बाकी.'

त्यांना कळलं होतं. त्यांनी ओरडायचं सोडून ते पान माझ्या नावावर मांडलं होतं. बाकीच्या वाचकांसारखं.

मी बराच वेळ तो कागद बघत बसले. बाहेर मामाची म्हैस खुंट्याशी चुळबूळ करत होती.

दुसऱ्या दिवशी डीलरला नाही म्हणून मेसेज टाकला. पण नुसतं सेंटी होऊन नाही बरं का. रात्रभर डोक्यात एक तुलना चालली होती, ती सांगते. माझ्या हत्तींचं ते अर्धवट 'आणि' आठवतंय? ते वाक्य मैत्रिणीने पूर्ण करून दिलं होतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'गॅलिका' नावाचा डिजिटल खजिना आहे, १९९७ पासून चालू असलेला. तिथे 'ल तूर द्यू मोंद'चे खंड आहेत. घरबसल्या, फुकट. तिने पुढचं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. वाक्य काही फार ग्रेट नव्हतं. पण ते होतं! एखाद्याने एक प्रत फाडली तरी ते मासिक नाहीसं होत नाही. आपल्याकडे तशी हमी कुठली?

माझ्या आगबोटीच्या पाठीवर एका लेखाची सुरुवात होती. पुढच्या पानावर त्याचा उरलेला भाग आहे. मी तो तीनदा वाचला. लेख कशाबद्दल आहे, तेच कळत नाही, कारण नाव, लेखक, सगळं आगबोटीबरोबर गेलं. मुंबईत परत आल्यावर तीन ग्रंथालयांत विचारून झालं. एके ठिकाणी हे मासिक आहे, पण हे साल नाही. दुसरीकडे साल आहे, पण नेमका तो अंक नाही. तिसरीकडे बाड इतकं ठिसूळ झालंय की उघडलं तर चुरा होईल. आपल्याकडेही काम चालू आहे. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचा 'ग्रंथ संजीवनी' हा डिजिटल संग्रह आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी जुनी नियतकालिकं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलीत. पण सगळी मराठी मासिकं, सगळी सालं, सगळी पानं? दिल्ली अभी दूर है! तोवर कुणाच्या तरी माळ्यावरची प्रत हीच खरी प्रत.

यावर कुणी म्हणेल, जुन्या मासिकातला एक लेख नाही सापडला तर काय आभाळ कोसळतं? मग बुलढाण्याचीच एक गोष्ट ऐका. मोताळ्याहून घाट चढून गेलं की बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे. 'पुणेवैभव' नावाच्या पत्रात बायकांवर चिखलफेक करणारा मजकूर आला म्हणून या बाईने १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. भाषा अशी की आजही वाचताना ठिणग्या उडतात. पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात पाचशे प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी पाठराखण केली. आणि मग? पुस्तक विस्मरणात गेलं. थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की आपल्याकडे अशी बाई होऊन गेली. आज ते जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासलं जातं. आता विचार करा. त्या पाचशेतल्या प्रती जर सगळ्याच रद्दीत गेल्या असत्या तर? 'कागदंच तं आहेत' म्हणून?

म्हणून मोताळ्याचा खंड मोताळ्यातच आहे. नव्या स्लॅबखालच्या खोलीत, लोखंडी कपाटात. मुंबईत आणून मी त्याची वीट करणार नाही. मी त्याचं पान न् पान मोबाइलवर टिपून घेतलंय. दोन दिवस लागले, मान अवघडली. मामी पानं धरायला बसायची आणि मधूनच थांबवायची, 'थांब वं, हे वाचू दे.' जुन्या जाहिराती तर तिला भयंकर आवडल्या. आणि थकलेलं भाडं? घरमालकीण काकूंच्या हातापाया पडून ते दोन हप्त्यांत दिलं. तुम्ही हे वाचताय तोवर दुसरा हप्ताही गेला असेल. बहुतेक.

तुम्हालाही हा नाद लागायची लक्षणं दिसत असतील, तर पदरमोड करून शिकलेल्या चार गोष्टी फुकट सांगते.

एक. जुना खंड घेताना कव्हर बघून भुलू नका. पानांचे आकडे सलग आहेत का, बघा. वार्षिक अनुक्रमणिका असेल तर चित्रांची यादी पडताळा. पूर्वी बाइंडिंग करताना अंकांची रंगीत कव्हरं आणि जाहिराती सर्रास काढून टाकत. त्या शाबूत असलेला खंड दिसला तर सोडू नका.

दोन. जवळ एक भिंग ठेवा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. लाकडावर कोरलेल्या चित्रात स्वच्छ रेघा दिसतात, हाफटोनमध्ये ठिपके. 'दीडशे वर्षं जुनं' म्हणून दिलेल्या चित्रात निळे-गुलाबी-पिवळे ठिपके दिसले तर दुकानदाराला हसून नमस्कार करा आणि पुढे चला.

तीन. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, प्लीज! काही वर्षांत तो डिंक तपकिरी होतो आणि अक्षरं घेऊन जातो. जुने बाइंडर गव्हाच्या खळीत मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. पण मोरचूद विषारी असतं, तेव्हा घरी प्रयोग नकोत. जाणकार बाइंडर गाठा. चिकटलेली पानं तर स्वतः सोडवूच नका.

चार. भिंत सजवायचीय ना? बिनधास्त सजवा. चित्राचा चांगला फोटो काढा, हवा तेवढा मोठा प्रिंट घ्या, फ्रेम करा. पाहुण्यांना फरक कळणार नाही. पुस्तकाला कळेल.

माझे हत्ती अजून भिंतीवर आहेत. फाटलेलं पान आता खंडात परत तर जात नाही. पण फ्रेमवाल्याला सांगून दोन्ही बाजूंना काच बसवून घेतली. कुणी विचारलं की फ्रेम उलटी करून ते 'आणि' दाखवते. व्हिडिओ कॉलवर आता कुणी हॉस्पिटलचं विचारत नाही. हत्तींचं विचारतात आणि मग माझं भाषण ऐकावं लागतं.

आणि हो, एक काम तुमच्याकडे. या सुट्टीत आजोळी, गावी, काका-आत्याकडे जाल तेव्हा माळ्यावर एकदा डोकवा. 'चित्रमयजगत्'चा १९१५चा गठ्ठा दिसला तर त्यात धूर सोडणारी एक मोठी आगबोट शोधा. सापडली तर कापू नका, फाडू नका. पान उलटा आणि मागच्या बाजूचा फोटो काढून मला पाठवा.

आबांच्या यादीत सगळ्यांच्या नावापुढे बरोबरची खूण आहे. माझ्याच तेवढी नाही.